मामिया ६४५ वर येनाच्या लेन्स: नऊ महिने वापरून, दोन तारे वाढवून

फेब्रुवारीत या ॲडॉप्टरला, म्हणजे एका कॅमेऱ्याची लेन्स दुसऱ्या कॅमेऱ्यावर बसवणाऱ्या रिंगला, मी एक तारा दिला होता आणि खाली बरंच काही खरडलं होतं. त्यातलं निम्मं चूक निघालं, म्हणून परत लिहायला बसलो. उरलेलं निम्मं मागे घेणार नाही.

सामान असं. मामिया एम६४५ १०००एस हा फिल्मचा कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली मामियाचीच ८० एमएम २.८ सेकोर लेन्स, आणि पेंटाकॉन सिक्स या दुसऱ्या कॅमेऱ्याच्या माउंटला (लेन्स अडकते त्या तोंडाला) बसणाऱ्या, जर्मनीतल्या येनाच्या दोन लेन्स: बायोमेटार ८०/२.८ आणि सोनार १८०/२.८. मधे हा ॲडॉप्टर, कस्टम ड्यूटी धरून ४,१०० रुपये. घरात एक ८० असताना दुसरी कशाला, असं बायकोने विचारलं होतं. बायोमेटार सोनारच्या गठ्ठ्यात आली, वेगळी मागितली नव्हती. माझा डोळा सोनारवर होता. मामियाची स्वतःची २०० एमएम २.८ एपीओ या जन्मात तरी माझ्या बजेटमध्ये बसत नाही. सोनार बसली, त्याचं कारण मजेशीर आहे. महायुद्धानंतर झाईस या जर्मन लेन्सवाल्यांच्या दोन कंपन्या झाल्या, एक पूर्वेत येनाला, दुसरी पश्चिमेत ओबरकोखेनला, आणि नावावरून त्यांचं भांडण लागलं. पश्चिमेत विकायच्या मालावर येनावाल्यांना ते नाव टाकता येईना. म्हणून माझ्या लेन्सच्या पुढच्या रिंगवर ना झाईस, ना सोनार, नुसतं ‘औस येना’ (येनाहून) आणि सोनारचा एक ‘एस’. विकणाऱ्याला आपण काय विकतोय याचा पत्ता नव्हता. बर्लिनच्या १९३६ च्या ऑलिंपिकसाठी काढलेल्या सोनारच्याच घरातली ही नात, आणि बिचारी बिननावाची म्हणून स्वस्तात गेली. अशा सौद्यानंतर दोन दिवस माणूस घरात उगाच हसत फिरतो.

पहिला रोल धुतला आणि हसू संपलं. एचपी-५ फिल्म, डी-७६ डेव्हलपर पाण्यात एकास एक, ११ मिनिटं, टाकी २० अंशांवर ठेवायला बर्फाचा डबा; सगळं नेहमीसारखं. पंधरापैकी एफ ८ आणि ११ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, काढलेले फोटो कडक. एफ २.८ वरचे, छिद्र पूर्ण उघडं ठेवून काढलेले, सगळे मऊ, धूसर. फोकस डोळ्यावर धरला तर नाक स्पष्ट यायचं. दुसऱ्या रोलला तेच. एक रोल हजाराच्या घरात जातो, धुण्याची केमिकल वेगळी. म्हणजे प्रत्येक फ्रेम सत्तर रुपयांची, आणि त्यातून नाक मिळतंय.

संशय ॲडॉप्टरवर जाणारच. पेंटाकॉन सिक्सला माउंटपासून फिल्मपर्यंत ७४.१ मिलिमीटर लागतात, मामिया ६४५ ला ६३.३. उरतात १०.८. माझा ॲडॉप्टर व्हर्नियरवर तीन ठिकाणी मोजला: १०.६, १०.६, १०.६. झालं, चोर सापडला. गच्चीवर जाऊन सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्यावर बायोमेटार लावली, तर लेन्सवरची अनंताची (सगळ्यात दूरच्या फोकसची) खूण यायच्या आतच मनोरा स्पष्ट होऊन पुन्हा धूसर होत होता. पुरावाही मिळाला.

मग विक्रेत्याशी जुंपली. नाव घेत नाही. आधी म्हणाला व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग म्हणाला, अनंताच्या थोडं पलीकडे जाणं नॉर्मल आहे, मुद्दाम तसंच बनवतात. मी म्हटलं, दोन दशांश कमी भरतंय आणि तुम्ही त्याला नॉर्मल म्हणता? मग १५ टक्के परत देतो म्हणाला, किंवा माल पाठवा, टपालखर्च तुमचा. टपालखर्च पाहिला तर नवीन ॲडॉप्टरच्या निम्मा. मी एक तारा दिला आणि भोसरी गाठली.

भोसरीत आमच्या ओळखीचे एक टर्नर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी ॲडॉप्टर मायक्रोमीटरला लावला, मान डोलावली, “पॉइंट दोन कमी आहे, बरोबर.” पितळी पत्र्याची रिंग कापून देतो म्हणाले. मग हात पुसत त्यांनी विचारलं, “पण साहेब, तुम्ही काचेतून बघूनच फोकस लावता ना? मग हा जाड असला काय न् बारीक असला काय?”

मी मामांना दहा मिनिटं फ्लँज डिस्टन्स, म्हणजे माउंटपासून फिल्मपर्यंतचं ते अंतर, समजावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, रिंग कापली, साडेतीनशे घेतले.

रिंग बसवली. मनोरा अगदी अनंताच्या खुणेवर आला. काय आनंद. पुढचा रोल धुतला: पुन्हा नाक.

इथे माझं मत फिरलं, आणि फिरायला तीन रोल आणि एक टर्नर लागला याची लाज वाटते. माझ्यासारख्या रिफ्लेक्स कॅमेऱ्यात लेन्समधून आलेलं चित्रच आरशावरून, आपण बघतो त्या काचेच्या पडद्यावर पडतं. पडद्यावर डोळा स्पष्ट दिसत असेल तर फिल्मवरही डोळाच स्पष्ट यायला हवा, मधल्या रिंगची जाडी काहीही असो. ॲडॉप्टर जाड असता तर अनंत गाठताच आलं नसतं, तो खरा दोष. बारीक असेल तर फक्त लेन्सवरचे आकडे खोटे पडतात. पडदा एक सांगतोय आणि फिल्म दुसरंच, तर दोष लेन्समध्ये नाही, ॲडॉप्टरमध्ये नाही. कॅमेऱ्याच्या पोटात आहे. मामांनी हेच विचारलं होतं.

घरची सेकोर चढवली, एफ २.८ वर बायकोचा फोटो काढला. नाक! ही लेन्स मी दोन वर्षं वापरतोय, पण कायम भर उन्हात, एफ ८ किंवा ११ ला. तिथे फिल्मजवळ मिलिमीटरभर इकडचं तिकडे झालं तरी खपतं. एफ २.८ ला सवलत जेमतेम पाव मिलिमीटरची, पुढेमागे धरून. माझा कॅमेरा दोन वर्षं चुकत होता आणि मी उजेडाच्या जिवावर पास होत होतो.

पुढचं सांगतो ते कुणाला उपयोगी पडेल. फ्रेमवाल्याकडून काचेची पट्टी कापून आणली, एका बाजूला दुधी चिकटपट्टी लावली. मागचं दार उघडून इन्सर्ट (फिल्म धरणारा सांगाडा) काढला, काच फिल्मच्या रुळांवर टेकवली, चिकटपट्टीची बाजू लेन्सकडे. शटर उघडं राहावं म्हणून बी वर, केबल रिलीज दाबून धरलेला, वरून लूप (भिंग). समोर टेबलावर तिरकी ठेवलेली मोजपट्टी. पडद्यावर ३० चा आकडा स्पष्ट, काचेवर ३२ चा. संशयाला जागाच उरली नाही.

लेन्स काढून टॉर्च मारला. या मामियांमध्ये आरसा वर आपटतो तिथे फोमची पट्टी असते आणि एवढ्या वर्षांत तिचं डांबर होतं हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. तिचाच मोहरीएवढाही नसेल असा काळा चिकट तुकडा गळून, आरसा खाली ज्या खुंटीवर टेकतो तिथे जाऊन बसला होता. आरसा पूर्ण खाली येतच नव्हता. कापसाच्या काडीला थेंबभर आयसोप्रोपिल लावून तो काढला, वरची सडकी पट्टी खरवडली, तिच्या जागी शिवणकामाच्या दुकानातली काळी मखमली रिबन. खर्च १५ रुपये. आरशाच्या काचेला मात्र हात लावू नका, चकाकणारा थर वरच्या बाजूलाच असतो, पुसायला गेलात की ओरखडे. काच पुन्हा टेकवून पाहिली: इथे ३०, तिथेही ३०.

तेव्हा विक्रेताभाऊ, जाडीबद्दल तुमचं बरोबर होतं. पण वाद इथे संपत नाही.

ॲडॉप्टरचे बायोनेटचे कान (माउंटमध्ये फिरवून अडकवायचे खाचेतले दाते) मामियाच्या स्वतःच्या लेन्सपेक्षा बारीक आहेत, आणि तो माउंटमध्ये डुगडुगतो. गोल फिरणारा खेळ मी सोडून देतो, त्याने फोटोला काही होत नाही, नुसती चीड येते. झुकणारा खेळ वेगळा. सोनार किलोच्या बरीच वर भरते, ती पुढून खाली ओढते, आणि फ्रेमचा एक काठ कडक तर समोरचा मऊ येतो. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून लेन्स अधांतरी सोडणं बंद केलंय. जुन्या जीन्सच्या पायात मूग भरून पिशवी शिवलीय, ती लेन्सखाली. हातात धरताना डावा तळवा लेन्सखाली, कॅमेरा नुसता मागे लटकलेला. ४,१०० रुपयांच्या वस्तूसाठी मूग वापरावे लागणं मला मान्य नाही. आतून हा ॲडॉप्टर चकचकीतही होता, समोरून प्रकाश आला की फोटोच्या मधोमध धुरकट गोल. फळ्याला देतात तो काळा रंग लावला, प्रश्न मिटला. हेही त्यांनीच करायला हवं होतं.

ॲडॉप्टरवर लेन्सचं छिद्र आपोआप मिटत नाही, हे घेतानाच माहीत होतं. उघडून फोकस लावायचा, मग रिंग फिरवून मिटायचं. महिनाभर मी हटकून विसरायचो: हिशोब एफ ८ चा, लेन्स २.८ वर, उजेड तीन स्टॉप (पायऱ्या) जास्त. एचपी-५ ने निमूट सोसलं, स्लाइड फिल्म असती तर रडलो असतो. आता हाताला वळण पडलंय. उलट मिटलेल्या छिद्रातून पडदा अंधारला की कुठवर स्पष्ट येणार ते दिसतं, ही सवय मला आवडायला लागलीय. आणि हॅसलब्लाड ५०० कॅमेरावाल्यांनी विचारायच्या आधीच सांगतो: तुमचं शटर लेन्समध्ये असतं, परकी लेन्स लावली की शटरच गेलं, हा खेळ तुमच्यासाठी नाही.

बायोमेटार फारशी लावत नाही. उन्हाळ्यात तिच्या छिद्राच्या पात्यांवर तेल उतरलं, आता ती आळसावून मिटतात, आणि साफ करून घ्यायचा खर्च लेन्सपेक्षा जास्त सांगितला. सेकोर काय वाईट आहे?

सोनार मात्र उतरत नाही. जूनमध्ये भोसरीला गेलो होतो, मामा लेथवर वाकलेले, चकात पितळी बुश, एका खिडकीचा उजेड. एफ २.८, सेकंदाचा एक साठांश, मुगाची पिशवी टूलबॉक्सवर. निगेटिव्हवर लूप ठेवला तर चष्म्याच्या काचेला चिकटलेले पितळेचे कण मोजता येतात, आणि मागच्या भिंतीवरचे पाने-स्पॅनर असे विरघळलेत की कुठला कितीचा ते मामांनाही सांगता आलं नाही. प्रिंट नेऊन दिली. बराच वेळ बघून म्हणाले, “रिंग कामाला आली तर.”

मी हो म्हटलं.

एकाचे तीन तारे करतोय. चौथा बायोनेटचे कान जाड करून दिलेत तर.