कोची वॉटर मेट्रो : 40 रुपयांत बंदरदर्शन

कोचीचे बंदर पाहण्यासाठी पर्यटकांची वेगळी बोट ठरवण्याची गरज नाही. हायकोर्ट धक्क्यावरून फोर्ट कोचीला जाणारी वॉटर मेट्रो 40 रुपयांत आणि सुमारे वीस मिनिटांत तेच काम अधिक नेटकेपणाने करते. एप्रिल 2023 मध्ये शहरात सुरू झालेली वॉटर मेट्रोची ही बोटसेवा मुळात बेटांवरच्या रहिवाशांच्या रोजच्या ये-जा करण्यासाठी आहे.

धक्का तरंगता असल्यामुळे भरती असो वा ओहोटी, तो आणि बोटीचा उंबरा एकाच पातळीत राहतात. माझ्यापुढच्या आजी कुणाचाही हात न धरता सरळ आत गेल्या. बॅटरीवर चालणाऱ्या या बोटीत इंजिनाची धडधड जवळजवळ नाहीच. ती बांधली आहे कोचीन शिपयार्डने, म्हणजे ज्या गोदीत विमानवाहू ‘विक्रांत’ तयार झाली तिनेच, आणि गावचेच जहाज गावच्या पाण्यात चालताना पाहण्यात वेगळेच समाधान आहे.

खरे मोल मात्र खिडकीबाहेर आहे. डावीकडचे विलिंग्डन बेट बरेचसे मानवनिर्मित आहे: पूर्वी खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा असल्याने मोठी जहाजे बाहेरच नांगर टाकत, रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याच्या देखरेखीखाली 1920 च्या दशकात तो कापून मार्ग खोल केला गेला आणि उपसलेल्या गाळातून हे बेट वाढवले. उजवीकडे वल्लारपाडम बेटावरच्या उंच क्रेन दिसतात. कोलंबोमार्गे जाणारा भारतीय माल इथेच मोठ्या जहाजांवर चढावा, या अपेक्षेने हे कंटेनर टर्मिनल 2011 मध्ये सुरू झाले. ती अपेक्षा पुरती फळली नाही, कारण नद्यांचा गाळ सतत साचतो आणि तो उपसण्याचा खर्च बंदराच्या मानगुटीवर कायमचा बसलेला आहे. आता तर केरळातच, नैसर्गिकरीत्या खोल पाण्याचे विळिंजम बंदर प्रतिस्पर्धी म्हणून उभे आहे.

नियोजित 38 धक्के आणि 78 बोटी यांचे जाळे अजून पूर्ण झालेले नाही, म्हणून सगळी बेटे एका दिवसात करण्याचा बेत आखू नये. वातानुकूलित बोटीच्या बंद काचांमुळे खारा वारा लागत नाही, एवढे सोसावे. क्रेन जवळून पाहायच्या असतील तर जाताना उजवीकडची खिडकी धरावी आणि उतरल्यावर मट्टनचेरीच्या मसाल्याच्या वखारींकडे जावे. मिरीचा जुना व्यापार तिथे अजून नाकाला जाणवतो.