लंडन 1948 चं ‘सोन्याचं’ पदक आणि मला लागलेला चुना

जुनी पदकं, बिल्ले, सामन्यांची तिकिटं जमवणारे मराठवाड्यात आम्ही बोटांवर मोजण्याइतके. खोटी पदकं विकणारा एक गडी आम्हाला एकेक करून गाठतोय, म्हणून लिहितो.

जालन्याकडचा आहे म्हणाला. आधी त्याने मला 1948 च्या लंडन ऑलिंपिकचं सहभागाचं पदक विकलं. ब्राँझचं, एका बाजूला पार्लमेंटची इमारत, दुसऱ्या बाजूला घोड्यांचा रथ. ते अस्सल निघालं, भावही रास्त. खरी मेख इथेच आहे. पहिला सौदा चोख केला की दुसऱ्या वेळी गिऱ्हाईक भिंग बाहेर काढत नाही.

मग आलं ‘सुवर्णपदक’. “सर, आजोबा निजामाच्या राज्यातून लंडनला गेले होते, हॉकीच्या टीममध्ये. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत पदक वाड्यात पुरून ठेवलं. आता वाटण्या चालू हायत, भावकीला कळू द्यायचं नाही.” भारताने वेम्बलीवर ब्रिटनला 4-0 हरवलं ऑगस्ट 1948 मध्ये, पोलीस ॲक्शन झाली सप्टेंबरात. तारखा चपखल बसतात. आमच्या भागात पुरून ठेवलेल्या ऐवजाची गोष्ट घरोघरी आहे, आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं. पावतीचा विषय काढला तर म्हणाला, “पुरातत्त्व कायदा आडवा येतो सर.” धादांत थाप! 1972 च्या त्या कायद्यात यायला पदकासारख्या वस्तूला शंभर वर्षं व्हावी लागतात.

85 हजार ठरले. यूपीआयवर खात्याचं नाव भलतंच दिसत होतं. “मेव्हण्याचं खातं हाय,” म्हणे.

परभणीच्या एका ओळखीच्या सराफाने कडेला कानस मारली. सोन्याच्या मुलाम्याखाली पिवळंच. विजेत्यांची तेव्हाची पदकं चांदीची, वर सोन्याचा मुलामा. म्हणजे आत पांढरं दिसायला हवं. त्याने पाण्यात वजन करून घनता काढली. चांदीची साडेदहाच्या आसपास येते, ही साडेआठ. पितळ! “सर, याची घडणावळ पण दोन हजाराच्या वर नाही,” तो म्हणाला.

पण सराफाकडे न जाताही हे पदक ओळखता येतं. पुढच्या बाजूला विजयदेवता बसलेली असते, तिच्या पाठीमागे रोमचं कोलोसियम. इटालियन शिल्पकार कॅसिओलीचं हे चित्र 1928 पासून पुढे अनेक दशकं चाललं. अस्सल पदक ठशाने पाडलेलं असतं, त्यात कोलोसियमच्या कमानी एकेक मोजता येतात. माझ्याकडच्या पदकात त्या बुजून फोडणीत फुटलेल्या मोहरीसारख्या दिसतात, कारण ते साच्यात ओतलेलं. ओतीव धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून व्यासही थोडा कमी भरतो. शिवाय कडेवर घासून काढलेला सांधा. आणि सगळ्यात ढोबळ खूण म्हणजे वरचं कडं आणि त्यात ओवलेली तिरंगी फीत. उन्हाळी ऑलिंपिकमध्ये पदक गळ्यात घालायची पद्धत 1960 च्या रोमपासूनची. त्याआधी ते डबीत घालून हातात देत.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. तिथे जितक्या लवकर फोन जाईल तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. माझ्या बाबतीत खातं तोवर रिकामं झालं होतं. ठाण्यात जाताना व्यवहाराचा क्रमांक, संभाषणाचे स्क्रीनशॉट आणि पदक तिन्ही न्या. सराफाकडून लेखी घेतलेलंही चालतं, मी घेतलंय.

परवा लातूरच्या एका मित्राला त्याने नव्या नंबरवरून अथेन्स 1896 चं सोन्याचं पदक दाखवलं. अथेन्सला पहिल्या क्रमांकाला चांदीचं पदक होतं, दुसऱ्याला ब्राँझचं; सोन्याचं नव्हतंच. पॅरिस 1900 ची पदकं तर बहुतेक चौकोनी, तीही तो गोल दाखवेल. मित्राने त्याला बोलतं ठेवलंय आणि नंबर पोलिसांकडे दिलाय. तुमच्याकडे जालन्याचे, वाड्यातले, लंडनला गेलेले आजोबा आले असतील, तर तुम्हीही द्या.