बोटीतून एअर शो आणि मासेमारी म्हणून पैसे घेतायत, कोल्हापूरकरांनो सावध राहा

समुद्रात छोट्या बोटीत बसून एअर शो बघा आणि सोबत गळ टाकून मासे पण धरा, असं पॅकेज कुणी दिलं तर एक रुपया पण देऊ नका. आमच्या आप्पांचे, म्हणजे माझ्या चुलत्यांचे, असेच पैसे गेले आणि नुसते बुकिंगचे नाही, रिफंडच्या नावाखाली त्याच्यापेक्षा जास्त गेले, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

जानेवारी 2024 ला मुंबईत मरीन ड्राइव्हवर एअर फोर्सचा शो होता, 12 ते 14 तारखेला. शो खराच होता, पेपरात पण आलं होतं, त्यामुळं संशय यायचं काही कारणच नव्हतं. आप्पा लहानपणापासून कळंब्याला आणि नदीला गळ टाकणारा माणूस, रोहू, कटला, चिलापी सगळं धरलेलं, पण समुद्रात कधी गळ टाकला नव्हता आणि ती त्यांची लई दिवसांची इच्छा. त्यांच्या मासेमारीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पोस्टर आलं, "कोल्हापूरसाठी खास कोटा, बोटीतून एअर शो, रॉड आणि कोळंबीचं आमिष आमच्याकडून", माणशी 1,800. खाली वायुसेनेचा गोल शिक्का पण मारलेला.

फोन केला तर समोरचा अगदी आपल्याकडचा बोलणारा. "आप्पा, मी गडहिंग्लजकडचाच, आता कामानिमित्त मुंबईला असतो, आपल्या माणसाकडनं जादा घेत नाही" असं म्हणला. नातवाची चौकशी केली, त्याला लहान लाइफ जॅकेट ठेवतो म्हणला. असं बोलल्यावर कोण नाही म्हणेल सांगा. आप्पांनी स्वतः, काकू, नातू आणि मी अशा चौघांचे 7,200 पाठवले, मग दोन दिवसांनी इन्शुरन्सचे म्हणून अजून थोडे.

रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून आम्ही मुंबईला गेलो, सांगितलेल्या ठिकाणी सकाळीच गिरगाव चौपाटीवर. ना बोट ना माणूस, फोन उचलत नाही. बाजूला एक वयस्कर कोळी उभे होते, त्यांना पैसे भरल्यावर आलेला पास दाखवला तर त्यांनी पास नीट बघितला पण नाही. म्हणाले, "आज हितून कोण होडी काढनार नाय, शो चालू असला की समोरचं पानी मोकलं ठेवतात." आणि विचार केला तर ते बरोबरच आहे ना, असे शो किनाऱ्यावर घेतात तेच मुळी विमानं गर्दीच्या डोक्यावरून न जाता पाण्यावरून कसरती करावीत, काही बिघडलं तर खाली माणसं नकोत म्हणून. म्हणजे ज्या पाण्यात बसवतो म्हणून हे पैसे घेतात तिथंच कुणी असायला नको असतं.

शो आम्ही बघितला, कठड्यावर बसून, फुकट. हजारो लोकं तशीच बसलेली, कुणाकडं पास नाही आणि तिकीट नाही. वायुसेनेच्या सूर्यकिरण या कसरतीच्या टीमची लाल-पांढरी नऊ हॉक विमानं आली तेव्हा नातू उभं राहून ओरडत होता, त्यांच्याच सारंग टीमची हेलिकॉप्टरं पण झाली. आप्पा मात्र मधेमधे खाली पाण्याकडंच बघत होते. ते बघून मला त्या माणसाचा जो राग आला तो अजून गेलेला नाही.

खरा घाव त्यानंतरचा. शो संपल्यावर त्याचाच फोन आला, एकदम नम्र आवाज. "आप्पा माफ करा, वरनं ऐनवेळी परवानगी रद्द झाली, सगळ्यांचे पैसे परत देतोय, क्यूआर पाठवलाय तो स्कॅन करा आणि पिन टाका की पैसे जमा." मी तेव्हा काकू आणि नातवासाठी वडापाव आणायला गेलेलो. आप्पांनी दुसऱ्या फोनवरून स्कॅन केलं, रक्कम आधीच भरलेली होती, पिन टाकला आणि खात्यातनं 9,500 गेले. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे जाणारच, एवढं घरातल्या मोठ्या माणसांना आजच्या आज सांगा, कागदावर लिहून द्या वाटलं तर.

तिथूनच 1930 ला फोन लावला, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे ज्या खात्यात गेलेत ते पुढं काढून घ्यायच्या आत बँकेला कळलं तर रक्कम अडवता येते, म्हणून घरी जाऊन बघू असं करायचं नाही. ट्रान्झॅक्शन नंबर, वेळ, स्क्रीनशॉट तयार ठेवा. रिफंडच्या नावाखाली गेलेल्या 9,500 मधले थोडे पैसे अडकवले गेले, पहिले 7,200 तर कधीच काढून घेतले होते.

घरी आल्यावर माझ्या चुलतभावानं ते पोस्टर मोठं करून दाखवलं. विमानं नऊ, हॉकच, पण मागचा धूर लाल, पांढरा आणि निळा. आपल्या सूर्यकिरणचा धूर केशरी, पांढरा, हिरवा असतो. फोटो ब्रिटनच्या रेड अ‍ॅरोज टीमचा होता, ते पण नऊ हॉकच उडवतात म्हणून पटकन लक्षात येत नाही. असं पोस्टर तुमच्याकडं आलं तर धुराचा रंग बघा आणि पासला पैसे मागतायत का बघा. आणि मासेमारीच्या होडीत प्रवासी बसवायचं कुणी म्हणत असेल तर परवान्याचा कागद मागा, खरा बोटवाला दाखवतो.

ते पोस्टर शोचं शहर बदलून परत फिरतंय असं ग्रुपवरच्या एकानं सांगितलं. ज्यांचे कुणाचे पैसे गेलेत त्यांनी गप्प न बसता आपली वेगळी तक्रार नोंदवा, पोलिसांच्या सायबर सेलला एकाच खात्यावर जास्त तक्रारी दिसल्या तर ते खातं पकडणं सोपं जातं. आप्पांच्या तक्रारीत तो नंबर आणि खातं दोन्ही आहे, कुणाचं जुळत असेल तर मला मेसेज करा, मी तपशील देतो.