लांबलेला थांबा: शहर पाहावे की विमानतळावरच थांबावे?

दोन विमानांच्या मधल्या वेळेत अनोळखी शहर पाहून यावे की विमानतळावरच थांबावे, हे केवळ तिकिटावरील तास मोजून ठरवू नये. सहा तासांचा थांबा कागदावर ऐसपैस वाटतो. पण विमानातून उतरून इमिग्रेशनची, म्हणजे पासपोर्ट तपासणीची, रांग पार करण्यात सहज तासभर जातो, परतताना उड्डाणाच्या दोन तास आधी हजर राहणे शहाणपणाचे असते, आणि जाण्यायेण्याचा वेळ वजा केला की शहराच्या वाट्याला जेमतेम दीड तास उरतो. शिवाय बाहेर पडण्यासाठी व्हिसा लागतो का, हे आधीच पाहावे. तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर सामान घेऊन पुन्हा सोपवण्यासाठी बहुधा बाहेर यावेच लागते, त्यामुळे हा प्रश्न तेव्हा अधिकच महत्त्वाचा ठरतो.

आत थांबण्यात कंटाळा आहे, जोखीम मात्र नाही. रात्रीच्या थांब्यात संग्रहालये बंदच असतात. अशा वेळी ट्रान्झिट भागात, म्हणजे इमिग्रेशनच्या आतच, तासांच्या हिशेबाने मिळणाऱ्या खोलीत अंघोळ करून झोप काढणे केव्हाही बरे.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर साडेपाच ते चोवीस तासांच्या थांब्यासाठी मोफत मार्गदर्शित सहल असते, आणि वेळेचे गणित आयोजकच सांभाळतात. अशी सोय नसेल, तर दिवसाचा थांबा आठ तासांहून अधिक असतानाच मी बाहेर पडेन, तेही एकच ठिकाण ठरवून आणि रस्त्यावरच्या वाहतुकीवर न विसंबता, मेट्रोने.