रंगावरून बोलणं की आडनावावरून जात काढणं, जास्त काय खपतंय?

साताऱ्यात दोन्ही सर्रास चालतं, पण चालायची पद्धत वेगळी.

रंगाचं सगळं उघड. बघायच्या कार्यक्रमात पोहे खाता खाता मुलीसमोरच "नाकीडोळी नीटस आहे, जरा सावळी आहे एवढंच" म्हणतात, बायोडाटात सरळ "गोरी पाहिजे" लिहितात आणि कुणालाच काही वाटत नाही. २०२० ला त्या फेमस क्रीमच्या नावातनं 'फेअर' गेलं, आपल्या तोंडातनं कुठं गेलंय?

जातीचं मात्र दबक्या आवाजात. रूम बघायला गेलं की भाडं, डिपॉझिट सगळं ठरतं, मग हळूच "आडनाव काय म्हणालात? मूळ गाव कुठलं?" आणि दुसऱ्या दिवशी फोन, पाहुणे येणार आहेत, रूम देता येत नाही. कारण कधीच खरं सांगत नाहीत. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेब याच साताऱ्यात शाळेत दाखल झाले, आपण तो विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो आणि त्याच गावात हे चालतं याचा खरंच संताप येतो.

१९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे, पण "पाहुणे येणारेत" यावर केस कशी करणार? म्हणून मला जातीचं जास्त घातक वाटतं. रंगावरून बोलणाऱ्याला निदान तिथल्या तिथं गप्प तरी करता येतं.