वेदपाठशाळा: शिकवणं पैकीच्या पैकी, पण कोणाला कळणार?

मे महिन्यात ताईच्या मुलाला घेऊन नाशिककडच्या एका वेदपाठशाळेत जाऊन आलो. नाव मुद्दाम लिहीत नाही, गुरुजी साधे आहेत उगाच त्यांना त्रास नको. भाचा पाचवी झालाय, मुंज मागच्या वर्षीच झाली, आणि हे खूळ त्याचं स्वतःचंच, आमच्यात भिक्षुकी कोणीच करत नाही.

पोचलो तेव्हा संथा चालू होती. गुरुजी एकदा म्हणणार, मुलं दोनदा, समोर पुस्तक वगैरे काही नाही, आणि स्वर चुकला की गुरुजी ओरडत नाहीत, नुसती शेंडी धरून मान हळूच खाली करतात, म्हणजे इथे अनुदात्त, खालचा स्वर. अर्ध्या तासात आमचं पोरगं पण माना हलवायला लागलं! राहणं-जेवण फुकट, आमटी-भात मस्त. संडास मात्र जरा बघा राव.

हॉलमध्ये कॉट तीस आणि मुलं सात. वेदभूषण पाच वर्षं मग वेदविभूषण दोन, उज्जैनच्या सांदीपनि प्रतिष्ठानचा (केंद्र सरकारची वेदशिक्षणाची संस्था) कोर्स, दहावी-बारावीच्या बरोबरीचा, पण हे आम्हाला कळलं कधी तर तिथे जाऊन बसल्यावर. पत्रक नाही, वेबसाइट नाही, फोन तीनदा केला कोणी उचलला नाही, गेटवर खडूने 'प्रवेश चालू' लिहिलंय त्यातलं 'प्रवेश' पुसलं गेलंय. अहो आईबाप पहिलं तेच विचारणार ना, पुढे कॉलेजला घेतील का!

आणि जी येतात तीही टिकत नाहीत. दोन वर्षांत सत्यनारायण, वास्तुशांत येण्यापुरतं शिकायचं आणि पुण्याला सटकायचं, कारण पैसा याज्ञिकीत, म्हणजे पूजा-विधी सांगण्यात आहे. ऋग्वेदाची १० मंडलं, १०२८ सूक्तं पाठ करून वर क्रम, जटा, घन (तेच शब्द उलटसुलट जोड्या लावून म्हणायचे अवघड प्रकार) करत बसणाऱ्याला दक्षिणा काही जास्त मिळत नाही. मी त्या पोरांना नावं ठेवणार नाही, मी पण तेच केलं असतं.

निघताना ताईने हळूच लग्नाचं विचारलं. गुरुजी हसले, म्हणाले, "गणपतीत लोक माझ्यासाठी तीन महिने आधी नंबर लावतात, पण मुलगी द्यायची म्हटलं की..." पुढचं बोललेच नाहीत.

चार स्टार. एक फोनचा कापला. ताईचं अजून तळ्यात-मळ्यात चाललंय, पण भाचा खिडकीजवळची कॉट धरून आलाय, गेला तर आठवा.