रिस्टोरेक्स: पेरोनीच्या वाकडेपणावरचं ताणयंत्र

पेरोनीच्या आजारात लिंगातल्या ताठ होणाऱ्या नळ्यांच्या आवरणात कडक चट्टा तयार होतो. तेवढा भाग ताणला जात नाही, म्हणून ताठरता आली की लिंग त्या बाजूला वाकतं आणि लांबीही घटते. अमेरिकन यूरोलॉजिकल असोसिएशनने 2015 मध्येच यासाठी व्हिटॅमिन ई देऊ नका असं स्पष्ट सांगितलं आहे, तरी लोक त्याच गोळ्या महिनोन् महिने घेत राहतात. त्यापेक्षा लिंग बाहेरून ओढून धरणारं ताणयंत्र कधीही बरं, आणि त्यांतलं सध्या सगळ्यात विचार करण्याजोगं रिस्टोरेक्स.

जुनी ताणयंत्रं दिवसाला तीन ते आठ तास लावावी लागत. नोकरी करणाऱ्या माणसाला ते कसं जमणार? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या इस्पितळाच्या सहकार्याने बनलेलं रिस्टोरेक्स एका वेळी अर्धा तास, दिवसातून एक ते तीन वेळा लावायचं. ते लिंग नुसतं सरळ ओढत नाही, वाकाच्या उलट दिशेला झुकवूनही धरतं. 2019 मध्ये आलेल्या 110 पुरुषांच्या अभ्यासात तीन महिन्यांनी वाक सरासरी 11.7 अंशांनी कमी झाला, लांबी 1.5 सेंटिमीटर वाढली. आकडे चांगले आहेत, पण अभ्यास यंत्र घडवणाऱ्यांच्याच गोटातला, हे विसरू नये. शिवाय 50 अंशांचा वाक 40 वर आला, तर फरक पडला खरा, पण लिंग सरळ झालेलं नसतं.

त्रास बहुतेकांना पकडीचा होतो. यंत्राची पकड सुपारीच्या (लिंगाच्या टोकाच्या) मागच्या खाचेत बसते. त्वचा घामट किंवा तेलकट असली की सटकते. मग माणूस ती आणखी आवळतो, आणि सुपारी निळसर, गार, बधिर पडते. असं झालं की लगेच सैल करायचं. उपाय सोपा: आधी धुऊन पूर्ण कोरडं करा, तेल-क्रीम काही नको, पकडीखाली पातळ गॉजचा एखादाच वेढा द्या. ताण जाणवला पाहिजे, दुखता कामा नये. सुंता न झालेल्यांनी कातडी मागे सारूनच पकड बसवावी, आणि यंत्र काढताच ती आठवणीने पुढे आणावी. मागेच राहिली तर सुजून अडकते, मग थेट इस्पितळ गाठावं लागतं. यंत्र लावून झोपणं तर साफ चूक.

सुरू करण्याआधी ताठ अवस्थेतले वरून आणि बाजूने असे दोन फोटो काढा, कोनमापकाने वाक मोजून लिहून ठेवा. दर महिन्याला त्याच पद्धतीने पुन्हा मोजा. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने काही कळत नाही.

कोलॅजिनेज इंजेक्शन (चट्टा विरघळवणारं; अमेरिकेत 2013 पासून मान्य, 30 अंश किंवा त्याहून जास्त वाकासाठी) चालू असेल, तर इंजेक्शनांच्या मधल्या काळात ताणयंत्र कधी लावायचं हे इंजेक्शन देणाऱ्या यूरोलॉजिस्टनेच ठरवावं; सुजलेल्या, काळ्यानिळ्या लिंगावर पकड चढवू नका. बधिरपणा आणणारी मज्जातंतूंची तक्रार असलेल्या मधुमेहींनीही आधी विचारावं, कारण त्यांना पकड जास्त आवळल्याचं कळतच नाही.

वाक फार मोठा आहे, संभोग अशक्य आहे आणि औषध घेऊनही ताठरता येत नाही, अशांनी यावर पैसे घालवू नयेत. त्यांनी इम्प्लांटबद्दल (शस्त्रक्रियेने लिंगात बसवायच्या कृत्रिम आधाराबद्दल) यूरोलॉजिस्टशी बोलावं.